निमगडेभाऊंची सळई

निमगडेभाऊ कोणत्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावायचे. चहाचा ग्लास, सायकलची सीट, कपाटाची कडी, सगळ्याला. एकदा नव्याने आलेल्या साहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तर यांनी त्यालाही आधी पालथा हात लावला आणि मग तो हातात घेतला. साहेब गोंधळले. मला हसू आवरेना. निमगडेभाऊ मात्र गंभीरपणे म्हणाले, "सवय पडली साहेब. तळहाताले गट्टे पडले, त्याले काई समजत नाई. पालथा हात बरोब्बर सांगते."

वासुदेव निमगडे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळ गाव कोरपन्याकडचं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा चंद्रपूरजवळच्या एका वीज केंद्रात ते कोळशाच्या यार्डात होते आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट. मी हैदराबादेत वाढलेली मराठी मुलगी, नवी कोरी एम.एस्सी., आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. ती समजूत निमगडेभाऊंनी आवाज न चढवता मोडीत काढली.

कोळशाचा ढीग आपला आपण पेटतो, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. कोणी काडी लावावी लागत नाही. महिनोन् महिने उन्हात पडलेला कोळसा आतल्या आत तापत जातो आणि एके दिवशी पोटात निखारा धरतो. वरून ढीग होता तसाच काळा आणि शांत दिसतो. निमगडेभाऊंचं काम तो निखारा शोधायचं. दोन पुरुष लांबीची लोखंडी सळई ते ढिगात खुपसायचे, घटकाभर तिथेच ठेवायचे, मग ओढून काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिला पालथा हात लावत जायचे. जिथे चटका बसेल तितक्या खोलीवर आग. तेवढा भाग उकरून पसरायचा, पाणी मारायचं आणि डोझरने दाबून टाकायचा.

यार्डातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक फळा होता. त्यावर प्रत्येक ढिगाच्या नंबरापुढे निमगडेभाऊ खडूने एक शब्द लिहायचे. त्यांच्याकडे शब्द तीनच होते. गरम, थंड आणि पुन्हा. सळई अडली, वाकली, पुरेसा वेळ आत राहिली नाही, किंवा त्यांचं मन भरलं नाही, की 'पुन्हा'. शिफ्टचे इंजिनिअर या तिसऱ्या शब्दावर जाम वैतागायचे. गरम म्हणा नाहीतर थंड म्हणा, मधलं काय हे? निमगडेभाऊ खडू खिशात टाकत म्हणायचे, "ढिगानं अजून सांगितलं नाई साहेब. मी काऊन सांगू?"

माझी आणि त्यांची पहिली चकमक याच शब्दावरून झाली. मे महिना होता. चंद्रपूरचा मे म्हणजे लोखंडी जिन्याचा कठडा धरायची सोय नसते. प्रयोगशाळेत नवा लांब दांड्याचा थर्मामीटर आला होता आणि मी तो मिरवत यार्डात गेले होते. चार नंबरच्या ढिगात घातला, आकडा बघितला आणि कागदावर सही ठोकली, थंड. शेडमध्ये आले तर फळ्यावर चार नंबरपुढे 'पुन्हा'.

"निमगडेभाऊ, मी आत्ता मोजून आले."

"तुम्ही पूर्वेकडून मोजलं मॅडम. वारा पश्चिमेचा आहे चार दिवसांपासून. तिकून पाहू द्या मले."

तेवढ्यात बाहेर डोझर सुरू झाल्याचा आवाज आला. कोळसा वेळेत पुढे ढकलायचा होता, माझी सही होती, इंजिनिअर कशाला थांबतील? डोझरवर युसूफभाई होते, बल्लारपूरचे, निमगडेभाऊंचे जुने जोडीदार. डोझर ढिगाच्या उतारावर चढायला लागला आणि निमगडेभाऊ शेडमधून धावत सुटले. पन्नाशीचा माणूस, हातात ती लांबलचक सळई. पात्याच्या समोर जाऊन सळई आडवी धरून उभे राहिले. इंजिनिअर खालून ओरडत होते. मीही ओरडले असेन, काय ते आता आठवत नाही. युसूफभाईंनी ब्रेक मारला.

मग निमगडेभाऊ पश्चिमेच्या बाजूला गेले, सळई आत घातली आणि खाली बसले. आम्ही सगळे उन्हात उभे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. इंजिनिअर घड्याळ बघत होते आणि मी मनातल्या मनात माझा आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी त्यांनी सळई ओढली. टोकापर्यंत हात न्यायची वेळच आली नाही. अर्ध्यातच त्यांनी हात झटकला.

त्यांनी युसूफभाईंना डोझर खाली घ्यायला लावला आणि काठावरून पात्याचा नुसता एक धक्का द्यायला सांगितला. वरचा थर पापडासारखा मोडला. आत सगळं जळून पोकळ झालं होतं, बैलगाडी मावेल एवढं, आणि तळाशी लाल निखारे. डोझर आणखी चार हात वर गेला असता तर युसूफभाई डोझरसकट त्यात गेले असते. माझ्या सहीवर गेले असते.

मी शेडमध्ये येऊन रडले. निमगडेभाऊंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आधी त्याला पालथा हात लावून. "तुमचं यंत्र खोटं नाई बोललं मॅडम. जिथी लावलं तिथचं सांगितलं त्यानं." एवढंच. नंतर कधीही, थट्टेतसुद्धा, त्यांनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. फक्त एकदा काढला, तो प्रसंग पुढे येईल.

त्यांची दुसरी खूण म्हणजे गूळ. कोळशाच्या धुळीत काम करणाऱ्यांना कंपनीकडून गूळ मिळायचा, घशातली धूळ उतरते म्हणून. बाकीचे तो घरी न्यायचे. निमगडेभाऊ गोल पितळी डबीत खडे भरून खिशात ठेवायचे आणि कामावर चढताना एक, उतरताना एक तोंडात टाकायचे. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर डबी उघडायचे. गोडाचं मात्र त्यांना वावडं होतं. चहा बिनसाखरेचा, जयंतीच्या दिवशीची बुंदीसुद्धा ते शेजाऱ्याच्या पानात सरकवायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, गूळ गोडच असतो की." तर म्हणाले, "गूळ खात नसतात मॅडम. गूळ घेत असतात. औषध आहे ते."

मग एका उन्हाळ्यात ते गळ्याला मफलर गुंडाळून यायला लागले. सत्तेचाळीस डिग्री तापमानात मफलर! पोरं हसायची. मी आठवडाभर हसले आणि मग एका दुपारी घाम पुसायला त्यांनी मफलर सैल केला, तेव्हा मानेवरच्या गाठी मला दिसल्या. सुपारीएवढ्या तीन, एकीला एक चिकटलेल्या.

"किती दिवसांपासून?"

"होळीपासून. दुखत नाई न."

"ताप येतो?"

ते मफलर पुन्हा गुंडाळायला लागले. दुसऱ्यांची धग शोधणाऱ्या या माणसाला तीन महिने रोज संध्याकाळी ताप येत होता आणि त्याने तो बायकोलाही कळू दिला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला. तशीच त्यांच्या क्वार्टरवर गेले आणि शांताबाईंना सगळं सांगून टाकलं. शांताबाई धानोऱ्याकडच्या, बोलायला सडेतोड. नवऱ्याला म्हणाल्या, "ढिगाले हात लावत फिरता, आपल्या गळ्याले नाई लावला?"

नागपूरला गाठीचा तुकडा तपासला. लिम्फोमा निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, गाठींमध्ये वाढणारा कॅन्सर. सहा महिने इंजेक्शनं चालली. केस गेले, भुवया गेल्या, हाताची नखं काळी पडली. मानेवरच्या गाठी विरघळल्या. पण शेवटच्या सीटी स्कॅनमध्ये छातीत एक गाठ उरलेली दिसली, लिंबाएवढी.

नागपूरच्या डॉक्टरांपुढे आम्ही तिघं बसलो होतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाठ उरली आहे, पण ती मेलेली असू शकते, जखमेचा वण राहतो तशी. मेलेली असेल तर उपचार संपले. जिवंत असेल तर आजार परत येणार, आणि वेळ न घालवता फार कठीण उपचार करावे लागणार. आकारावरून यातलं काहीच सांगता येत नाही.

शांताबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. निमगडेभाऊ पुढे सरकले. "म्हणजे ढीग केवढा आहे ते मोजून उपयोग नाई. आतून गरम आहे का थंड, ते पाहा लागते. त्याची सळई कुठी भेटते साहेब?"

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. म्हणाले, "हैदराबादला."

माझं माहेर तिथलं, म्हणून मी बरोबर गेले. पेट स्कॅन तेव्हा नवीनच होता, आमच्याकडे कोणी नावही ऐकलं नव्हतं. गाडीत मी त्यांना समजावून सांगितलं. शिरेतून थोडी साखर देतात. तिला किरण सोडणारा पदार्थ जोडलेला असतो. जिवंत कॅन्सर साखर अधाशासारखा ओढून घेतो. तासभर स्वस्थ पडून राहायचं, मग मशीन फोटो काढतं. जिथे साखर गोळा झाली तिथे काळा डाग दिसतो. मेलेली गाठ साखर घेत नाही, म्हणून दिसत नाही.

"साखरेची सळई," निमगडेभाऊ म्हणाले. त्यांना ते फारच पटलं. वरच्या बर्थवरून दोनदा खाली वाकून म्हणाले, "कोनं काढलं असन हो हे? डोकं पाहिजे."

सकाळपासून काही खायचं नाही, फक्त पाणी, हे मी त्यांना दहा वेळा बजावलं. गुळाचं नाव मी घेतलं नाही. या माणसाच्या लेखी गूळ खाणं नसतंच, हे मला इतकी वर्षं माहीत होतं, आणि तरीही घेतलं नाही.

स्कॅन झाला. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावून फोटो दाखवला. छातीतल्या गाठीच्या जागी काही डाग नव्हता. मात्र मांड्या, खांदे, हृदय सगळं काळपट दिसत होतं. त्यांनी हिंदीत विचारलं, "सुबह कुछ खाया था?"

"नहीं साब. सिर्फ पानी."

त्या म्हणाल्या, स्नायूंनी साखर जास्त घेतली आहे, तशी नोंद करते, पण गाठ दिसत नाही, चांगलं चिन्ह आहे. शांताबाईंनी त्यांचे पायच धरले. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मी इतकी आनंदात होते की अनोळखी चहावाल्याशीसुद्धा हसून बोलले.

चहाच्या टपरीपुढच्या बाकावर निमगडेभाऊ मात्र चहा तसाच ठेवून बसले होते.

"मॅडम, माझ्या मांड्या काऊन काळ्या दिसून राह्यल्या होत्या?"

"स्नायू साखर ओढतात कधीकधी. खूप चाललं की, किंवा आधी काही गोड पोटात गेलं की. मग सगळी साखर तिकडेच जाते."

"मंग गाठीले उरत नाई?"

"कमी उरते."

त्यांनी खिशातून डबी काढली आणि उघडून बाकावर ठेवली. रिकामी होती. "सकाळी दवाखान्यात शिरताना घेतला. कामावर चढताना घेतो तसा. भेव वाटून राह्यलं होतं, तर सगळा घेतला."

आता जे लिहिते आहे त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "असू द्या भाऊ. चांगलं आलंय ना, आता कशाला उकरायचं?" शांताबाई तर भडकल्याच. "चांगलं सांगितलं त्या बाईनं. तुम्ही काऊन खोडा घालून राह्यले?"

निमगडेभाऊंनी डबी बंद केली. माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "तर मंग त्या दिवशी युसूफले वर जाऊ द्याचं होतं का?"

ते उठले आणि जिना चढून वर गेले. आम्ही मागोमाग गेलो. डॉक्टरीणबाई निघायच्या तयारीत होत्या. त्यांच्या टेबलापुढे निमगडेभाऊ हात जोडून उभे राहिले. "साब, मैंने झूठ नहीं बोला. पर गूळ खाया था. मेरेकू वो खाना नहीं लगता. सळई बराबर नहीं बैठी. पुन्हा करो."

'पुन्हा' हा शब्द त्यांनी मराठीतच म्हटला. बाईंना तो कळला. त्यांनी केलेली नोंद खोडली आणि तीन दिवसांनंतरची वेळ दिली.

ते तीन दिवस माझ्या माहेरच्या घरात आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. मांड्या काळ्या का दिसतात ते मीच सांगितलं म्हणून शांताबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, नवऱ्याशी तर नाहीच. निमगडेभाऊ माझ्या वडिलांच्या आरामखुर्चीत बसून असायचे आणि मधूनच खुर्चीच्या दांड्याला पालथा हात लावायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचे दोन्ही खिसे उलटे करून मला दाखवले. मला हसू आलं नाही.

या वेळी फोटोत मांड्या स्वच्छ होत्या, खांदे स्वच्छ होते. छातीत मधोमध, बोराएवढा एक काळाभोर ठिपका होता.

मी तो ठिपका बघत होते आणि मला वाटत होतं, हा आपणच उकरून काढला. निमगडेभाऊ फोटोजवळ गेले. काचेवर, त्या ठिपक्यावर, पालथा हात ठेवला. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "धुआं निकलने के पहले मिल गया ना?"

"हाँ," त्या म्हणाल्या. "बहुत पहले."

"तर मंग झालं," ते आमच्याकडे वळून म्हणाले.

पुढचे उपचार खरोखरच कठीण होते. आणखी जहाल औषधं, मग त्यांच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून ठेवून त्यांना परत दिल्या. महिनाभर काचेच्या खोलीत होते. डॉक्टर नंतर शांताबाईंना म्हणाले की पहिल्या फोटोवर विसंबून घरी गेला असतात तर ही संधी मिळाली नसती. त्या दिवसापासून शांताबाई माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या.

पुढचे तीन उन्हाळे निमगडेभाऊ यार्डात होते. सळई ओढायचं काम दुसऱ्यांकडे गेलं, पण हात लावून सांगायला यांनाच बोलवायचे. फळ्यावर अक्षर त्यांचंच. वर्षातून एकदा हैदराबादला जायचे आणि परतल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात, कोणत्याच ढिगाचा नंबर नसलेल्या जागी, बारीक अक्षरात 'थंड' लिहायचे. युसूफभाई तो शब्द आठवडाभर कोणाला पुसू द्यायचे नाहीत.

चौथ्या वेळी काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण कोणाला ताटकळत ठेवणं निमगडेभाऊंना आवडायचं नाही. चौथ्या वेळी गरम आलं, चार ठिकाणी. ते दिवाळीपर्यंत राहिले. त्याआधीच माझी बदली झाली होती, आणि ते गेल्याचं मला युसूफभाईंनी फोनवर कळवलं.

पण मला आठवतात ते बल्लारशाच्या प्लॅटफॉर्मवरचे, त्या चौथ्या खेपेला निघालेले. दुपार होती. माझी बदलीची ऑर्डर आली होती, सामान बांधून झालं होतं, त्यामुळे मी बरोबर जाणार नव्हते. शांताबाई पाण्याच्या बाटल्या सांभाळत आतल्या बाजूला बसल्या होत्या. निमगडेभाऊ खिडकीशी. मानेला मफलर नव्हता, मी मुद्दाम बघितलं. गालाची हाडं मात्र वर आली होती.

त्यांनी डबी माझ्या हातात दिली. भरलेली होती. "जवळ असली की हात जाते. ठेवा तुमच्यापाशी. अन् जास्त दिवस नका ठेवू, मुंग्या लागतीन. यार्डात वाटून टाका."

मी खिडकीचा गज घट्ट धरून उभी होते. गार्डाची शिटी झाली. निमगडेभाऊंनी हात बाहेर काढून माझ्या मनगटाला पालथा लावला आणि जरा वेळ तसाच ठेवला, सळईला लावायचे तसा. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताप आहे तुमाले," ते म्हणाले. "इथी उन्हात काऊन उभ्या? घरी जा, झोपा."

"उन्हाने असेल, भाऊ."

"नाई. आतून आहे."

गाडी हलली. ते खिडकीतून मागे बघत हाताने मला घरी जायची खूण करत राहिले, वळण येईपर्यंत.

घरी आल्यावर मी थर्मामीटर लावला. एकशे एक होता.